झेपंल का?

आमच्या पेन्शनर मंडळाची बैठक जमली की चहा येईपर्यंत कुणी ना कुणी बोर्डाची गोष्ट काढतंच. एक साहेब होते, चांगल्या चालू दवाखान्याचा बोर्ड काढून जीपमध्ये घालून घेऊन आले, त्यांना मेमो मिळाला आणि तोच बोर्ड परत लावायला जीप पुन्हा डोंगर चढली, अशी ती गोष्ट. सांगणारा साहेबांसारखं नाकातून बोलतो आणि लोक पोट धरून हसतात. आता मंडळाची स्मरणिका निघायची आहे. बोर्डवाल्या साहेबांवर लिहायचं काम माझ्याकडं आलं आहे, कारण त्या दिवशी जीपमध्ये मी होतो आणि ड्रायव्हर बाबालाल होता, आणि बाबालाल आता राहिला नाही. "दोन पानं लिहा मास्तर, जरा गमतीशीर," असं मला सांगण्यात आलं आहे.

गमतीशीर लिहायला माझी हरकत नाही, माणूस गमतीचाच होता. पण ती गोष्ट लोक सांगतात तशी घडलेली नाही. दुसरं असं, की त्या माणसानं मला जो वैताग दिला तो अजून पुरता उतरलेला नाही, तोही लिहायला हवा. नाहीतर माणूस गेला की त्याचा देव होतो आणि त्याच्या हाताखाली राबलेल्यांचे हाल कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कोल्हापुरात आमचं जिल्ह्याचं ऑफिस होतं. मी मूळचा प्राथमिक शिक्षक, शाळा तपासणीच्या कामावर ऑफिसात आलेलो, म्हणून सगळे मला मास्तरच म्हणत. साहेब योजना शाखेचे प्रमुख. शाळेला नवा वर्ग, गावाला उपकेंद्र, लसीकरण, पोरांना आहार, मुंबईत जे काही ठरेल ते कागदावरून आमच्या शाखेत येऊन पडायचं. ते गावोगाव चालू करायचं आणि 'कार्यान्वित' असं वर कळवायचं, हे आमचं काम. बाकीचे जिल्हे भराभर कळवत. आमचं अडायचं, ते साहेबांच्या टेबलाशी.

साहेब उंचीनं बेताचे, डोक्यावर काळी टोपी, आणि तपकिरीची सवय. तपकिरीमुळं आवाज कायम नाकातून. नवी योजना समोर आली की ते खिशातून डबी काढत, चिमूट भरत, ओढत, धोतराच्या सोग्याला बोटं पुसत आणि विचारत, "झेपंल का?"

बस्स, एवढंच. पुढं काही बोलत नसत. नाही म्हणत नसत. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, "साहेब, तुमचं म्हणणं काय आहे ते एकदा सांगून टाका. करायचं नाही का?"

"मी कुठं न्हाय म्हंतोय? इचारतोय."

"कुणाला विचारताय? शासनाचा आदेश आहे."

"आदेशाला कोण इचारतंय? आदेशाला काय वढायचं हाय?"

त्यांचे वडील मुरगूडकडचे, दुसऱ्याचा ऊस बैलगाडीनं ओढणारे. गाडी भरताना मालक म्हणायचा, टाक अजून चार मोळ्या. तेव्हा वडील चढाकडं बघायचे, मग बैलांच्या तोंडाकडं बघायचे आणि विचारायचे, झेपंल का? साहेबांनी ही हकिगत मला जीपमध्ये इतक्या वेळा ऐकवली, की त्या बैलांची नावं माझ्या अजून ध्यानात आहेत. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "मालकाकडं बगून न्हाय इचारायचे, मास्तर. मालक काय, व्हयच म्हणणार की."

फिरतीवर तर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. गावात गेल्यावर लोकांनी पोहे, चहा तयार ठेवलेला असायचा. साहेब त्याला हात लावत नसत आणि मग आम्हालाही लावता यायचा नाही. आधी सरळ शाळेत जायचे, मागच्या ओळीत पोरांच्यात मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "पाणी द्या." पाणी कुठून येतं, कोण आणतं, किती वेळ लागतो, हे बघत बसायचे. एका शाळेत पाणी येईपर्यंत गुरुजींचा एक धडा शिकवून झाला. गुरुजी घामाघूम. साहेब शांत. मी आणि बाबालाल बाहेर भुकेनं व्याकूळ.

बाबालाल उचगावचा. त्याला साहेबांचा फार लळा होता आणि तोंड त्यांच्यापेक्षा फटकळ होतं. तो म्हणायचा, "मास्तर, दुसरं सायेब गावात गेलं की कोंबडं कापत्यात. आपलं सायेब गेलं की घागरी मोजत्यात."

एका नव्या उपकेंद्रात बाळंतिणीचं टेबल आलं होतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्यांचा लहान दवाखाना, तिथं एक नर्सबाई नेमलेली असते. साहेबांनी टेबल बघितलं, चपला काढल्या आणि चक्क त्यावर आडवे झाले. टोपीसकट. सरपंच, नर्सबाई, दारात जमलेल्या गावातल्या बायका, सगळ्यांदेखत. मी लाजेनं भिंतीकडं तोंड केलं. साहेब कुशीवर वळले, टेबल कुरकुरलं आणि एका बाजूला कललं.

"सरपंच, माझं वजन किती असंल?"

"काय की वो सायेब."

"पोटुशा बाईपेक्षा कमीच की. मग? झेपंल का ह्ये?"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सरपंच लालबुंद झाला होता. परत येताना मी साहेबांना म्हटलं, नुसतं हातानं हलवून बघता आलं असतं. ते म्हणाले, "हातानं बगितलं तर हाताला कळतंय." आणि डबी काढली.

शाळांना विज्ञानाच्या पेट्या आल्या तेव्हाही असंच. लाकडी पेटी, आत काचेच्या नळ्या, लोहचुंबक, भिंग. मी स्वतः शाळाशाळांतून पेट्या पोचत्या केल्या होत्या आणि मला त्याचा अभिमान होता. साहेबांनी एका शाळेत पेटी मागवली. कपाटातून निघाली, कापडात गुंडाळलेली, कापडावर दोरी, दोरीवर लाख.

"गुरुजी, उगडली न्हाय?"

"साहेब, नळी फुटली तर पगारातनं कापतात."

साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, पेटी पोचली. उगडायचं झेपंल का, ह्ये कुणी इचारलं?" मग लाख फोडून त्यांनी जमिनीवर चुंबक फिरवलं, पोरांना लोखंडाचा कीस गोळा करून दाखवला आणि निघताना एक नळी खरोखरच फोडली. पायाखाली आली. "लिव्हा, माझ्याकडनं फुटली," म्हणाले. ते सगळं मला निस्तरावं लागलं. त्या नळीचा खुलासा लिहिण्यात माझा आठवडा गेला, त्याचं वर्णन स्मरणिकेच्या दोन पानांत बसणार नाही.

ते नेहमी बरोबर ठरायचे असंही नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो. कागल भागातल्या एका गावाला सातवीचा वर्ग मंजूर झाला, पण खोली नव्हती. गावकरी म्हणाले, गुऱ्हाळघरात बसवतो. साहेबांनी चिमूट ओढली. "हंगाम सुरू झाला की? गूळ शिजणार का पोरं शिकणार? झेपंल का?" गावकऱ्यांनी रागारागानं वर्ग चालवून दाखवला. हंगामात पोरं चिपाडाच्या ढिगावर बसली, मधमाश्या चावून घेतल्या, पण शिकली, आणि निकाल चांगला लागला. मला इतका आनंद झाला की मी साहेबांना तो निकाल बघायला मुद्दाम घेऊन गेलो. त्यांनी पोरांच्या पाठीवर हात फिरवला, गरम गूळ खाल्ला आणि सरपंचाला सरळ म्हणाले, "मी चुकलो, पावणं."

जीपमध्ये मी म्हटलं, "बघितलंत साहेब? झेपलं."

"इचारलं म्हणून झेपलं."

आता अशा माणसाचं काय करायचं? नाही झेपलं तरी ते बरोबर, झेपलं तरीही ते बरोबर. मी त्या दिवशी कोल्हापूर येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

तेव्हापासूनच बहुधा मी त्यांची नक्कल करायला लागलो. ऑफिसासमोर चहाची टपरी होती. तिथं कुणी दुसरा चहा मागवला की मी दोन बोटं नाकाशी नेऊन म्हणायचो, "झेपंल का?" नवीन लग्न झालेल्या कारकुनाला म्हणायचो. निवृत्तीला आलेला कुणी स्कूटर घ्यायचं म्हणाला की त्याला म्हणायचो. मला आवाज फार हुबेहूब साधला होता. टपरीवरून तो ऑफिसात गेला, ऑफिसातून तालुक्यांना गेला. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या ऑफिसच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, एकदा मला केबिनमध्ये बोलावून नक्कल करायला लावली आणि डोळे पुसेपर्यंत हसले. मला बरं वाटलं. मोठ्या साहेबांना माझं नाव त्याआधी ठाऊक नव्हतं.

त्या उन्हाळ्यात राधानगरीच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला, दोन उपकेंद्रं बांधून झाली. एक खालच्या गावात, एक वरच्या वाडीत. दोन्हींच्या मध्ये ओढा. दोन नर्सबाई मंजूर होत्या. एक रुजू झाली, दुसरी आलीच नाही. तेव्हा खालच्या बाईंनीच वरचंही बघावं, असं ठरवण्यात आलं. आम्ही दोन्हीकडं जाऊन आलो. बाई साहेबांवरच उखडल्या.

"उन्हाळ्याचं मी जाईन वो वर. पावसात ओढा माणसाला उतरू देतोय व्हय? मी काय उडून जाऊ?"

साहेबांनी डबी काढली आणि न उघडता परत खिशात ठेवली. असं मी पहिल्यांदाच बघत होतो. येताना जीपमध्ये ते मागं वळून ओढ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "मास्तर, वरची इमारत असू दे. तितं बोर्ड लावायचा न्हाय."

"उद्घाटन ठरलंय साहेब."

"ठरू दे. आज बाई अडली तर काय करत्यात? वाडीवाल्यांची मागल्या अंगाची वाट हाय, सरळ तालुक्याच्या दवाखान्याला उतरती. लांब हाय, पर दवाखाना उगडा हाय. बोर्ड लावला की माणूस बोर्ड बगून वर चढंल."

मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, उद्घाटनाची सगळी धावपळ माझ्या अंगावर होती, आणि हा माणूस बोर्ड लावायचा नाही म्हणत होता. मी म्हटलं, "बैठकीत सांगा."

बैठक झाली. तालुक्यांचे अधिकारी, डॉक्टर, आमच्या शाखेतले सगळे, हॉल भरलेला होता. मोठे साहेब एकेका केंद्राचं नाव वाचत आणि संबंधितानं 'कार्यान्वित' म्हणायचं. वरच्या वाडीचं नाव आलं. आमचे साहेब उठून उभे राहिले. खिशातून डबी काढली. चिमूट भरली. मी त्यांच्या मागच्या रांगेत होतो. शेजारच्या कारकुनानं मला कोपरानं ढोसलं, आणि साहेबांची चिमूट नाकाशी जायच्या आत मी त्यांच्या आवाजात म्हणालो, "झेपंल का?"

हळूच म्हणालो होतो. पण हॉल शांत होता. आधी मागची रांग हसली, मग सगळा हॉल हसला, मग मोठे साहेब हसले. चष्मा काढून डोळे पुसत ते म्हणाले, "बसा साहेब, बसा. तुमचा प्रश्न विचारून झाला." आणि त्यांनी पुढचं नाव वाचलं.

साहेब क्षणभर उभे राहिले. मग बसले. चिमूट तशीच बोटांत होती. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

त्यांनी ओरडायला हवं होतं. टेबलावर हात आपटायला हवा होता. नर्सबाई एक आणि दवाखाने दोन, एवढी दोन वाक्यं बोलायला काय लागत होतं? इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी यावरून भांडत आलो आहे. पण ओढा मलाही ठाऊक होता आणि तोंड मलाही होतं. ते मी नक्कल करण्यात वापरलं.

उद्घाटन झालं. निळ्या अक्षरांचा मोठा बोर्ड लागला. पाऊस सुरू झाला, ओढा भरला. एका सकाळी निरोप आला की वाडीत गडबड झाली आहे. साहेब, मी आणि बाबालाल निघालो. मागल्या वाटेनं जीप जाईल तिथपर्यंत गेलो आणि पुढं चिखलातून चढलो.

वाडीपासूनही वर धनगरांची चार घरं होती. तिथली सून अडली होती. घोंगड्याची डोली करून घरच्यांनी तिला बोर्डाच्या दवाखान्यात आणलं होतं. दाराला कुलूप. नर्सबाई ओढ्यापलीकडं. हाका मारल्या, पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? मागल्या वाटेनं तालुक्याला न्यायचं तर वेळ निघून गेलेली. त्या कुलपाशेजारी, ओसरीवर, ती बाळंत झाली. बाई वाचली. मूल गेलं.

आम्ही पोचलो तेव्हा तिचा सासरा ओसरीवर बसून होता. रागावला नव्हता. साहेबांना त्यानं बसायला जागा करून दिली आणि म्हणाला, "बोर्ड न्हवता तवा बरं हुतं, सायेब. तवा आमी सरळ खाली जात हुतो."

साहेबांनी सवयीनं दाराचं कुलूप ओढून बघितलं. मग बाबालालला म्हणाले, "पाना हाय का?"

"पाना हाय सायेब, पर ह्ये सरकारी हाय. तुमास्नी धरतील."

"तू काढ."

बाबालाल कठड्यावर चढला. साहेबांनी त्याच्या डोक्यावर छत्री धरली. बोर्ड सुटला तेव्हा त्याचं एक टोक मी धरलं. माझ्या हातून त्या सगळ्या प्रकरणात झालेलं काम ते एवढंच.

बोर्ड जीपपेक्षा लांब होता. मागून अर्धा बाहेर. उताराला एका वळणावर एका म्हातारीनं हात केला. बाबालालनं ब्रेक मारला. म्हातारीला अक्षरं वाचता येत नव्हती, पण निळा बोर्ड ती ओळखत होती. "दवाखाना खाली आला व्हय?" म्हणाली. तिला कित्येक दिवस ताप येत होता. साहेबांनी तिला पुढं बसवलं, स्वतः मागं बोर्डाशेजारी बसले आणि तालुक्याच्या डॉक्टरपुढं नेऊन उभं केलं. त्या पावसाळ्यात तो दवाखाना तेवढा एकदाच चालला. बोर्डाची गोष्ट सांगणारे हे सांगत नाहीत, कारण त्यांना ते माहीत नाही. मला माहीत होतं.

मेमो मिळाला. मोठ्या साहेबांनी विचारलं, बोर्ड का काढला? साहेब म्हणाले, "भिजत हुता." बोर्ड परत गेला. दुसरी नर्सबाई यायला पुढं बराच काळ लागला.

त्यानंतर साहेब बदलले. म्हणजे टोपी तीच, डबी तीच. नवी योजना आली की चिमूट ओढायची, बोटं पुसायची, आणि म्हणायचं, "झेपंल." प्रश्न नाही. सही. आमच्या शाखेचं काम पाण्यासारखं वाहायला लागलं. मोठे साहेब खूष झाले. बैठकीत त्यांनी साहेबांचं कौतुक केलं, इतर शाखांना आमचा दाखला दिला. गावात गेल्यावर पोहे गरम असतानाच मिळायला लागले. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते सगळं झालं, आणि मला घास उतरेना. एकदा अगदीच अचाट अशी एक योजना आली. तालुक्याला एक डॉक्टर आणि त्यानं महिन्यात सगळ्या शाळांतली सगळी पोरं तपासायची. मी फाइल त्यांच्यापुढं धरून म्हटलं, "साहेब, विचारा की."

"काय इचारू?" म्हणाले. आणि सही केली.

ते निवृत्त झाले त्या दिवशी हार-तुरे झाले आणि मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. मुरगूडची गाडी लागली होती. मी धीर करून म्हटलं, "साहेब, त्या बैठकीत तो आवाज माझा होता."

"ठावं हाय की. दुसऱ्या कुणाला जमतोय?"

"मग नंतर तुम्ही विचारायचं का सोडलंत? माझ्यावर रागावून?"

त्यांनी पायरीवर पाय ठेवला, डबी चाचपली, काढली नाही. "राग न्हवं, मास्तर," म्हणाले. "योजना समद्या झेपत्यात. इचारायचं झेपंना मला."

गाडी गेली. पुन्हा आमची भेट झाली नाही.

हे एवढं लिहून थांबणार होतो. पण मागच्या बैठकीत आमच्या मंडळानं ठराव केला, की सभासदांनी वर्गणी काढून एका लांबच्या वाडीत मोफत दवाखाना चालवायचा. सगळ्यांना कल्पना आवडली. डॉक्टर कोण, जाणार कोण, पावसाळ्यात काय, याबद्दल कुणीच काही बोललं नाही. बोर्ड मात्र आधी रंगवून घ्यायचं ठरलं, त्यावर मंडळाचं नाव किती मोठं असावं यावर पुष्कळ चर्चा झाली. मी उभा राहिलो. गुडघ्यांमुळं उभं राहायला वेळ लागला, तोवर सगळे गप्प होऊन माझ्याकडं बघायला लागले. मी विचारलं, "झेपंल का?"

सगळा हॉल हसला. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. "वा मास्तर! या वयातसुद्धा अगदी हुबेहूब!"

मी साहेबांचा आवाज काढलाच नव्हता.